घोडदमाचा चढ

डोंगराच्या पोटाशी दुधाणी नावाचं गाव. तिथं शिदराम नावाचा मिस्त्री राहायचा, हौसा नावाची त्याची बायको, ती मी, आणि मंजुळा नावाची आमची एकुलती लेक. या शिदराम मिस्त्रीनं लेकीच्या पायासाठी व्यायामाचं यंत्र केलं, तेव्हा गावचा चढ रस्त्यातून निघाला आणि यंत्रात येऊन बसला. सव्वादोन महिने तो आमच्या पडवीत होता.

तेव्हाचं गाव आता डोळ्यांपुढं आणायचं तर आधी चढच आणावा लागतो. खालच्या आळीत एसटीचा थांबा, पिठाची गिरणी आणि आमच्या मालकांचं वर्कशॉप. वरच्या आळीत शाळा, पंचायत, पाण्याची टाकी आणि देऊळ. मधे घोडदमाचा चढ, माझ्या पावलांनी तीनशे चाळीस. कडुनिंबापासून निघताना तो अगदी गोड बोलायचा. बाभळीपाशी आला की आवाज चढवायचा. दमाच्या धोंड्यापाशी छातीचा भाता करून सोडायचा. धोंड्याच्या वर बावीस पावलांवर एक झरा, आणि झरा ओलांडला की चढ पुन्हा मऊ व्हायचा, तो शाळेच्या पायरीपर्यंत.

लग्न लागलं की नवरानवरी देवळाला जायची ती या चढानं, पायी. नवरीनं धोंड्यावर बसायचं. नवऱ्यानं झऱ्यावर जायचं आणि ओंजळीतून तिला पाणी आणायचं. भांडं चालायचं नाही. आता धोंड्याजवळचा उतार असा उभा, की ओंजळ धरून खाली येताना गुडघे हिसके द्यायचे आणि शेवटच्या दोन पावलांना उरलंसुरलं पाणी सांडून जायचं. मग नवरा नुसते ओले हात पुढं करायचा, नवरी ती ओली बोटं ओठांना लावायची, बायका हसायच्या, आणि वरात पुढं सरकायची. माझ्या सासूचंही असंच झालं होतं आणि तिच्या सासूचंही.

आमचे मालक मात्र ओले हात दाखवून भागवणारे नव्हते. ते परत वर गेले. तीनदा गेले आणि तिन्ही वेळा रिकामे आले. सासूबाई खालून ओरडल्या, "शिदा, अरं आज लग्न केलंस, आजच देवाला जायचंय!" तेव्हा त्यांनी ओले हात माझ्यापुढं धरले आणि हळूच म्हणाले, "इथं उतार जास्त आहे. दोन पावलं." नवऱ्यानं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मंजुळा बारा वर्षांची असताना चिंचेवरून पडली. तीन महिने मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. ते काढलं तेव्हा पाय पडवळासारखा निघाला आणि गुडघा वाकलेला राहिला. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "रोज वजन लावून शंभर वेळा हा पाय सरळ करायचा. शाळा उघडेपर्यंत करा, मधे एक दिवस सोडू नका. सोडलात तर पाय असाच आखडून राहील, मग माझ्याकडं येऊन उपयोग नाही."

आम्ही घोट्याला वाळूची पिशवी बांधली. दहाव्या वेळेला पोरगी रडायला लागली.

"आबा, निघतानाच उचलत नाही. आणि पार सरळ करायला गेलं की गुडघ्यात सुरी फिरते."

"आणि मधे?"

"मधे काही वाटत नाही. मधे तर पिशवी हलकी लागते."

मालकांनी हे ऐकून घेतलं आणि वर्कशॉपात गेले. मोडक्या एसटीचं सीट आणलं, त्याच्यापुढं आडवा दांडा, दांड्याला जुन्या गोधडीची गादी, बाजूला आस, आसावर चाक, चाकावरून सायकलची चेन आणि चेनीच्या टोकाला वाण्याकडची पाच-पाच किलोची मापं. मंजुळानं सीटवर बसायचं, नडगी दांड्याला लावायची आणि पाय पुढं सरळ करायचा, म्हणजे मापं वर जायची.

"आबा, हे वाळूसारखंच आहे," मंजुळा म्हणाली.

"चाक गोल आहे ना," मालक म्हणाले. "गोल चाक सगळीकडं सारखंच ओढतं. पाय कुठं सगळीकडं सारखा आहे?"

मग गोल चाक काढून त्यांनी जाड प्लेटीचं वेडंवाकडं चाक कापलं. वर्कशॉपात त्याला कॅम म्हणत. त्याचं गणित त्यांनी मला भाकरीच्या पिठावर बोटानं काढून दाखवलं होतं. जिथं कॅम रुंद, तिथं चेन आसापासून लांब जाते आणि पायाला जड लागतं. जिथं अरुंद, तिथं हलकं. मापं तीच, पण पायाला वाटतं कुणीतरी कमीजास्त करतंय. एक कॅम अंड्यासारखा केला, एक आंब्याच्या कोयीसारखा, एक पिंपळाच्या पानासारखा. मंजुळा प्रत्येकावर बसायची आणि नाक मुरडायची. नापास झालेले कॅम भिंतीवर खिळ्याला टांगलेले असायचे. सात झाले.

आठव्याच्या वेळी मी चुलीपुढून बोलले. ते बोलणं माझंच, ते मी नाकारत नाही. "अवं, घोडदमासारखं करा की. निघताना गोड, मधे कडक, वर गेल्यावर पुन्हा मऊ. एवढ्या वर्षांत त्या चढानं कुणाचा पाय मोडलेला नाही. पोरगीबी सहा वर्षं रोज त्याच्यावरनंच शाळेला जात होती, तिच्या पायाला त्याची सवय आहे."

मालकांनी भाकरी अर्धी टाकली आणि केरबाकडं गेले.

केरबा ढकल्या म्हणजे घोडदमाचा माणूस. खालून वर जाणाऱ्या गाड्या, गोण्या, कुणाची लोखंडी कपाटं, सगळं ढकलून चढवणं हाच त्याचा धंदा. मालकांनी त्याच्या ढकलगाडीला दोर बांधला, दोराला गोणी तोलायचा स्प्रिंगचा काटा लावला आणि केरबाला ती ओढायला सांगितली. दर दहा पावलांना थांबायचं, काटा बघायचा आणि गाडीच्या फळीवर खडूनं लिहायचं. सकाळी निघाले ते जेवणवेळेला शाळेच्या पायरीवर पोचले. केरबा म्हणाला, "मिस्त्री, आजवर मी चढ चढलो. मोजून कुणी घेतला नव्हता माझ्याकडनं."

फळीवरच्या त्या चौतीस नोंदी बघून मालकांनी आठवा कॅम कापला. आता मिस्त्री लोकांत एक रीत असते. काहीही कापायचं तर एक सूत सोडून कापायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. कानशीसाठी, झिजेसाठी, माणसाच्या चुकीसाठी तेवढं सोडायचंच. मालकांनी उभ्या जन्मात ते कधी चुकवलं नव्हतं. पण त्या दिवशी लेकीच्या गुडघ्याचं मनात होतं. त्यांनी खडूच्या रेघेवर बरोब्बर करवत लावली, तंतोतंत कापलं, कानस मारून आरशासारखं केलं आणि संध्याकाळी बसवलं.

मंजुळानं पाय लावला आणि हळूहळू सरळ केला. तिचं तोंड एकदम उजळलं. "आई, हा कडुनिंब. ही बाभळ आली. हा बघ, हा बघ धोंडा... आणि आता देऊळ दिसायला लागलं!" त्या दिवशी तिनं चाळीस वेळा पाय सरळ केला आणि एकदाही रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा गोण्या भरलेली ढकलगाडी घेऊन कडुनिंबापाशी गेला. नेहमीप्रमाणं त्यानं जोर लावला आणि गाडी अशी सुटली की तो तोंडावर पडला. उठून बघतो तर चढ नाही. वरची आळी वरच होती, खालची आळी खालीच होती, मधला रस्ताही तेवढाच लांब. चढ तेवढा त्यात नव्हता.

केरबा नाक चोळत आमच्या पडवीत आला. यंत्राकडं बघितलं, मालकांकडं बघितलं.

"मिस्त्री, चढ कुठं ठेवलाय?"

मालकांनी कॅमकडं बोट केलं. "सूत सोडायचं राहिलं," ते म्हणाले. "सगळाच आला."

"बरं," केरबा म्हणाला. "वैनी, चहा टाका. मला तक्रार लिहायला पंचायतीत जायचंय."

चहा पिऊन तो गेला आणि आमच्याविरुद्ध तक्रार लिहून आला. येताना मंजुळाला चार चिंचा घेऊन आला.

आठवड्याच्या आत तालुक्याहून बांधकाम खात्याचे पाटणकर ओव्हरसियर आले. बारीक मिशीचे, शांत गृहस्थ. त्यांच्याबरोबर फीत, रस्त्याची वही आणि पाण्याचा बुडबुडा असलेली काचेची नळी होती. ती त्यांनी रस्त्यावर अकरा ठिकाणी ठेवली. बुडबुडा अकराही ठिकाणी मधोमध उभा राहिला. मग ते आमच्याकडं आले.

"चढ आपल्याकडं आहे असं समजतं."

"हाय जी," मालक म्हणाले.

"परवानगी?"

"मागायचं सुचलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं."

"बघू."

ओव्हरसियरांनी चपला काढल्या, धोतर सावरलं, सीटवर बसले आणि पाय लावला. बाभळीच्या जरा पुढं त्यांना घाम आला. धोंड्यापाशी ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चढ ओळख पटवून घेतला. चांगल्या स्थितीत आहे." वहीत त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. रस्ता, जागेवर. चढ, अन्यत्र. मग गुळाचा चहा प्यायले. जाताना मंजुळाच्या पायाकडं बघून म्हणाले, "दिवसाला किती वेळा?"

"शंभर, साहेब. आत्ता पासष्ट होतात."

"पस्तीस बाकी आहेत म्हणजे," ओव्हरसियर म्हणाले. हेही त्यांनी वहीत टिपून घेतलं.

ग्रामसभा देवळापुढं भरली. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या कधी सभेला चढून जात नसत. त्या दिवशी सगळ्या आल्या. चढ नसल्यामुळं दुधाणीच्या सभेला पहिल्यांदाच पुरेशी माणसं जमली, असं सरपंच तात्या मोकाशींनी सुरुवातीलाच सांगितलं आणि त्याबद्दल आमचे आभार मानले. मग तक्रारी वाचायला घेतल्या.

टाकीचं पाणी खाली येईना. नळ उघडला की ते म्हणायचं, कुठं जाऊ? एसटी सरळ वर जायला लागली आणि खालच्या थांब्यावर थांबायचं विसरली. सोमवारी घोडदम चढून देवाला जायचा नवस बोललेल्या नाना गुरवांचा नवस चढाशिवाय फिटेना. केरबाची तक्रार तर समोरच होती. पोरांची एकच, पण त्यांनी ती सगळ्यांनी मिळून ओरडून सांगितली. टायर सोडला की तो जागेवरच पडून राहतो.

शेवटी तात्यांची आई बयाक्का उठली. गावात तिच्यापुढं तात्याही उभे राहूनच बोलायचे.

"माझ्या नातवाचं लगीन आखाजीला हाय. नवरी धोंड्यावर बसणार. दम लागला तर बसणार ना? सपाटीवरनं चालत येऊन बसली, तर तिला काय पाणी द्यायचं? तहान लागलेली नसताना पाणी पाजतात ते आजारी माणसाला. शिदराम, आखाजीच्या आत चढ जागच्या जागी पायजे."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, वीस दिवस होते. शाळा उघडायला दोन महिने.

तात्या म्हणाले, "मिस्त्री, काय म्हणता?"

मालक उठले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. "चढ दिला तर कॅम मोडावा लागतो," ते म्हणाले. "कॅम मोडला तर पोरीचा पाय राहतो." आणि खाली बसले.

मागून कुणीतरी म्हणालं, "पोरगी तर आज चालत वर आलीय की! चढच नसला तर हिला पायाला एवढा जोर हवाय कशाला? नळाला पंप बसवा, एसटीला हात करा, आणि ऱ्हाऊ द्या चढ तिथंच. हिची शाळा झाल्याशी कारण."

बरीच डोकी हलली. मला वाटलं, झालं, सुटलो. तेवढ्यात मंजुळा काठी टेकत उठली.

"मला सपाटीवरनं शाळेला नाही जायचं. सपाटीवरनं सगळेच जातात. मला चढ चढायचाय."

"पोरी, मग चढ जागेवर पायजे," बयाक्का म्हणाली.

"जागेवरच पाहिजे. पण माझा पाय झाल्यावर. आज दिलात तर मी खाली बसून नुसती बघत राहीन, आजी."

 बयाक्कानं पदर सारखा केला. तेव्हा मी उठले. ज्या तोंडानं चढ घरात आणला त्या तोंडानं काहीतरी बोलणं भाग होतं.

"बयाक्का, चढ आमच्या घरात आहे. घर काय परक्याचं आहे? ज्याला चढ लागेल त्यानं येऊन चढावा. नाना गुरवांनी सोमवारी यावं, नवस फेडावा आणि देवाला जावं. तुमच्या नातसुनेनंही यावं. धोंडा कुठं येतो ते मी सांगते. तिला असा दम लागेल की तुम्हालाच दया येईल."

बयाक्कानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "शालू चेनीत अडकणार न्हाई ना?"

"मी धरते," मी म्हणाले.

तात्यांनी ठराव लिहून घेतला. सदर चढ मंजुळा शिदराम हिच्या पायासाठी शाळा उघडेपर्यंत सदर घरी राहील. गावकऱ्यांनी तो सकाळी दहा ते बारा या वेळेत तिथं येऊन चढावा. खाली उतरण्याची सोय नसल्यानं ज्यानं त्यानं आपापलं बघावं.

ते दोन महिने मला अजून आठवतात. पडवीत सकाळपासून चपलांचा ढीग पडायचा. नाना गुरव सोमवारी अंघोळ करून यायचे, फुलांची परडी मांडीवर घेऊन यंत्रावर बसायचे, घोडदमाचा चढ चढायचे आणि मग आरामात चालत देवळाला जायचे. पोस्टमन तर वाटेत यायचा. म्हणायचा, "काकू, चढल्याशिवाय वरच्या आळीची पत्रं वाटली की हात हलके वाटतात, चैन पडत नाही." केरबा रोज यायचा. ढकलगाडी यंत्राशेजारी उभी करायचा, एक पाय दांड्याला लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचा, "ही माझी बाभळ. हा खड्डा मीच बुजवला होता." उठताना तक्रार मागं घेतलेली नाही याची आठवण करून द्यायचा. बारा वाजले की मी सगळ्यांना उठवायचे आणि उरलेला दिवस मंजुळाचा. सत्तर झाले, ऐंशी झाले. पडवळाला हळूहळू पोटरी यायला लागली.

आखाजीला वरात आमच्या दारात आली. नवरी निर्मला, नाजूक पोरगी, यंत्र बघून जरा बिचकली. मी तिचा शालू दोन्ही हातांनी धरला. "बाळ, सावकाश. निघताना गोड आहे." तिनं पाय लावला. बँडवाले दारात थांबले. बाभळीपाशी तिचं कपाळ ओलं झालं. मी म्हणाले, "आता धोंडा," आणि कॅमची रुंद बाजू चेनीखाली आली. नवरीची छाती वरखाली व्हायला लागली. ती थांबली.

"लागला दम?" बयाक्कानं विचारलं.

निर्मलाला बोलता येईना. बयाक्काचं समाधान झालं. "जा रं," ती नातवाला म्हणाली.

नवरा झऱ्यावर गेला. सपाट रस्त्यानं गेला, सपाट रस्त्यानं आला, सगळी वरात त्याच्या मागं. आमच्या पडवीत पोचला तेव्हा ओंजळ काठोकाठ होती. बायका हसायच्या तयारीत होत्या. पण हसायला काही कारणच उरलं नव्हतं. निर्मलानं मान वाकवली आणि पाणी प्यायली. घटाघट. हनुवटीवरून दोन थेंब ओघळले. दुधाणीच्या नवरीला झऱ्याचं पाणी पिताना त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी बघितलं.

"लई सोपं झालं हे," बयाक्का पुटपुटली. पण तिच्या स्वतःच्या लग्नात काय झालं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी मालकांकडं बघितलं. ते नवरीकडं बघत नव्हते, तिच्या हनुवटीवरच्या थेंबांकडं बघत होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंजुळानं एका दमात शंभर केले. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला आणि म्हणाले, "वजनं कोणती वापरली?"

"घोडदम," मंजुळा म्हणाली. त्यांनी कागदावर तसंच लिहिलं.

चढ परत करायचा दिवस ठरला. शाळेच्या आदल्या दिवशी सकाळी मालकांनी कॅम काढून शिकंज्यात पकडला आणि कानस मारायला घेतली. कॅम गोल व्हायला लागला तसतसा चढ रस्त्यावर परत जायला लागला. कानशीचे घाव आमच्या वर्कशॉपात, आणि रस्ता उचलला जायचा तिकडं. केरबा कडुनिंबाखाली उभा राहून ओरडत होता. "आला! बाभळीपर्यंत आला! मिस्त्री, जरा दमानं, माझी गाडी मधे उभी हाय!" वरच्या बाजूनं पोरं ओरडत होती. टायर घेऊन ती सकाळपासून रांगेत बसली होती. दुपारी आमच्या नळानं खाकरून पाणी सोडलं.

चार वाजता मालकांनी कानस खाली ठेवली.

"झालं," ते म्हणाले.

मी कॅमवरून हात फिरवला. एका जागी किंचित फुगवटा लागला. "अवं, इथं अजून जरा हाय."

"एक सूत," मालक म्हणाले. "सोडायचं असतं."

ओव्हरसियर फीत आणि बुडबुड्याची नळी घेऊन आले. खालून वर मोजत गेले, पुन्हा वरून खाली मोजत आले. धोंड्याजवळ, झऱ्याकडून येतानाची शेवटची दोन पावलं अंगणासारखी सपाट होती. बुडबुडा तिथं मधोमध उभा राहिला.

"मिस्त्री, दोन पावलं चढ कमी भरतोय."

मालक हातावरचा कानशीचा भुसा झटकत राहिले. तात्यांनी घसा साफ केला. बयाक्का काठी टेकत पुढं आली, त्या दोन पावलांवर उभी राहिली आणि पायानं चाचपून बघितलं. एकदा धोंड्याकडं बघितलं, एकदा झऱ्याकडं.

"सायेब," ती म्हणाली, "एवढी माणसं दोन म्हैने त्याच्यावर चढली. झिजला आसंल."

ओव्हरसियरांनी तिच्याकडं बघितलं, मग मंजुळाच्या पायाकडं. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. चढ, जागेवर. वापरातली झीज, दोन पावलं. तात्यांनी सही केली. केरबानं अंगठा दिला आणि तक्रार मागं घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळा दप्तर घेऊन निघाली. काठी घरी ठेवली. मी कडुनिंबाखाली उभी राहून तिची पावलं मोजत होते. मालक वर्कशॉपाच्या दारात उभे होते, हातात पाना, कामात असल्यासारखे. बाभळीपाशी ती जरा वाकली. धोंड्यापाशी ती बसेल असं मला वाटलं. ती बसली नाही. शाळेच्या पायरीवरून तिनं मागं वळून दप्तर डोक्यावर धरून हलवलं, आणि मग मालकांना पान्याचं काम सापडलं.

पुढं सगळं नीट झालं. मंजुळा शिकली, त्याच शाळेत बाई झाली, आणि तिचं लग्न ठरलं ते तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडराशी. जावई लाजाळू. लग्नाच्या दिवशी मंजुळा दोन्ही पायांनी सारखी चालत घोडदम चढली आणि रीतीप्रमाणं धोंड्यावर बसली. जावई झऱ्यावर गेला. खाली येताना गुडघ्यांनी हिसके दिले, पाणी सांडत सांडत आलं, बायका हसत होत्या. वीस पावलं झाली तेव्हा ओंजळीत घोटभर उरलं होतं. शेवटची दोन पावलं सपाट होती. मंजुळा तो घोट प्यायली. तेव्हापासून दुधाणीच्या प्रत्येक नवरीला तो घोट मिळतो.

वरात वर देवळाकडं गेली. माझे गुडघे तेव्हा कुरकुरायला लागले होते, म्हणून मी धोंड्यावर जरा टेकले. मालक मागं राहिले. त्यांचे केस पांढरे झाले होते. ते झऱ्याकडं गेले. मी तिथं बसून बघत होते. दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरून ते त्या उभ्या उतारावरून एक एक पाऊल टाकत खाली येत होते. पाणी बोटांतून गळत होतं, कोपरावरून ओघळत होतं. दोन पावलं राहिली.

ते त्या सपाटीवर आले, आणि ओंजळ माझ्यापुढं धरली. मी प्यायले. पाणी गार होतं.